दूरचा उपचारक आणि जवळचा माणूस : नैराश्यावरील संमिश्र मानसोपचाराचा इतिहास

प्रस्तावना

नैराश्याच्या उपचारात काही सत्रे उपचारकासमोर बसून आणि काही सत्रे ऑनलाईन घ्यावयाची, या पद्धतीस अलीकडे 'संमिश्र उपचार' असे संबोधले जाते. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर ती आपल्याकडील शहरांत रूढ झाली. त्यामुळे तिचा जन्मच त्या काळात झाला, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. हा समज इतिहासाला धरून नाही. उपचारक एका गावी व रुग्ण दुसऱ्या गावी, ही स्थिती आधुनिक मानसोपचाराच्या आरंभापासून अस्तित्वात आहे. पत्र, दूरध्वनी, दूरचित्रवाणी, संगणक आणि आंतरजाल अशी साधने एकामागून एक आली आणि प्रत्येक वेळी 'आता प्रत्यक्ष भेटीची गरज उरणार नाही' अशी आशा अथवा भीती व्यक्त झाली.

या साधनांची जंत्री देणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू नाही. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावयाचा आहे : साधनाच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे रुग्णाच्या जवळ, कोण होते? मानसोपचाराच्या इतिहासात उपचारकाचे नाव मिळते, यंत्राचे नाव मिळते, रुग्णांची संख्याही मिळते. दवाखान्यात संगणक सुरू करून देणारी परिचारिका, फोन येईपर्यंत चहा पाजणारा स्वयंसेवक, रुग्णाशेजारी बसलेला आरोग्यसेवक यांची नोंद मात्र बहुधा एखाद्या ओळीत आटोपलेली असते. दूरस्थ उपचाराचे यशापयश पुष्कळ अंशी या दुर्लक्षित माणसावर अवलंबून राहिले आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. उपचाराचा खर्च कमी करण्याची वेळ येते तेव्हा सर्वप्रथम याच माणसाला वगळले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही, तो सामाजिक इतिहासाचाही होतो.

पत्रव्यवहाराचा काळ

मनोविश्लेषणाचा पाया व्हिएन्नातील एका खोलीत, एका कोचावर घातला गेला, असे चित्र पाठ्यपुस्तकांतून रंगवलेले असते. प्रत्यक्षात त्या पायात टपालाचा वाटा मोठा होता. सिग्मंड फ्रॉइड आणि बर्लिनमधील वैद्य विल्हेल्म फ्लीस यांचा पत्रव्यवहार १८८७ मध्ये सुरू झाला. १८९७ च्या सुमारास फ्रॉइडने स्वतःचे जे आत्मविश्लेषण केले, त्याचा वृत्तांत तो फ्लीसला पत्रांतून कळवीत असे. स्वतःची उदासी, शंका, स्वप्ने या सर्वांची नोंद या पत्रांत आहे. परंतु हे दोघे केवळ पत्रांवर विसंबून राहिले नाहीत. अधूनमधून ते एखाद्या गावी ठरवून भेटत आणि त्या भेटींना गमतीने 'काँग्रेस' म्हणत. पत्रांत जे अर्धवट राहिले ते भेटीत बोलावयाचे, भेटीत जे सुचले ते पत्रांत तपासावयाचे, असा हा क्रम होता. त्यास उपचार म्हणता येईल की नाही याविषयी मतभेद होऊ शकतात, पण रचना संमिश्रच होती.

१९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'छोट्या हान्स'चा वृत्तांत याहून बोलका आहे. हा विकार नैराश्याचा नव्हता, घोड्यांच्या भीतीचा होता. तथापि पद्धतीच्या दृष्टीने तो येथे महत्त्वाचा ठरतो. पाच वर्षांच्या या मुलाशी फ्रॉइडने उपचारार्थ एकदाच, मार्च १९०८ मध्ये, संभाषण केले. उर्वरित सर्व काम मुलाचे वडील माक्स ग्राफ यांनी घरी केले आणि ते फ्रॉइडला लिहून कळविले. मनोविश्लेषणाच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिलेल्या उपचारांपैकी एक उपचार अशा प्रकारे एका भेटीवर आणि अनेक टिपणांवर उभा आहे. श्रेय अर्थातच फ्रॉइडच्या नावे जमा झाले. रोज मुलाजवळ बसणाऱ्या वडिलांचे स्थान वार्ताहराचे राहिले.

भारताचा या शास्त्राशी संबंधही टपालानेच जुळला. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. महाराष्ट्रातील समांतर उदाहरण पुढच्या काळातील आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईचे कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कला न जाता, एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. ज्ञान पत्राने आले. ते ज्यांच्यासाठी वापरावयाचे ते रुग्ण मात्र मुंबईत समोर बसून बोलत होते. दूर आणि जवळ यांतील ही विभागणी पुढेही वारंवार आढळते.

दूरध्वनी : चहा पाजणारे स्वयंसेवक

लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे धर्मगुरू चॅड वाराह यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचाराने ग्रस्त असलेल्या लोकांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. 'समॅरिटन्स' या नावाने ती पुढे जगभर परिचित झाली. तिचा इतिहास सामान्यतः फोनचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आरंभीच्या महिन्यांत जे घडले ते वेगळेच होते. फोन करणाऱ्यांपैकी बरेच लोक वाराह यांना भेटण्यासाठी चर्चमध्ये येत. त्यांची पाळी येईपर्यंत काही सामान्य स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत बसत. काही दिवसांतच वाराह यांच्या ध्यानात आले की या गप्पा झाल्यावर अनेकांना आपल्या सल्ल्याची गरजच उरत नाही. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी फोन स्वयंसेवकांच्या हाती सोपविला.

मदतनीस म्हणून आलेली माणसेच खरी उपचारक ठरली, हा शोध प्रयोगशाळेत लागलेला नाही. तो चर्चच्या प्रतीक्षाकक्षात लागला आणि त्यासाठी कोणताही पूर्वनियोजित सिद्धान्त नव्हता. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली 'स्नेहा' ही संस्था याच परंपरेतील आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'आयकॉल' या सेवेने दूरध्वनीबरोबर ई-मेलचाही अवलंब केला. पत्राचे युग संपले असे म्हणत असतानाच ते दुसऱ्या रूपाने परत आले.

दूरध्वनीवरील उपचार प्रत्यक्ष उपचाराच्या तोडीचा असतो काय, या प्रश्नाचे सुस्पष्ट उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. शिकागो येथील डेव्हिड मोहर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नैराश्याचे ३२५ रुग्ण होते. निम्म्यांना १८ सत्रे फोनवर देण्यात आली, निम्म्यांना समोरासमोर. मध्येच उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण प्रत्यक्ष गटात ३२.७ टक्के, तर फोनच्या गटात २०.९ टक्के होते. उपचार संपताना दोन्ही गटांतील सुधारणा सारखीच होती. सहा महिन्यांनंतर मात्र प्रत्यक्ष भेटलेल्यांची स्थिती किंचित अधिक चांगली आढळली. फोनमुळे रुग्ण टिकतो आणि भेटीमुळे परिणाम टिकतो, असा याचा ढोबळ अर्थ घेता येईल. संमिश्र उपचाराच्या बाजूने यापेक्षा सरळ युक्तिवाद मला तरी माहीत नाही. त्या चाचणीत संमिश्र गट नव्हताच, ही गोष्ट निराळी.

पडद्यावरचा तज्ज्ञ

अमेरिकेतील नेब्रास्का हे विरळ वस्तीचे, शेतीप्रधान राज्य आहे. तेथील ओमाहा शहरातील मनोरुग्ण संस्थेत सेसिल विटसन यांनी १९५९ मध्ये दुतर्फी दूरचित्रवाणीचा वापर अध्यापनासाठी व समूहोपचारासाठी सुरू केला. १९६४ मध्ये ही संस्था ११२ मैल अंतरावरील नॉरफोक येथील सरकारी रुग्णालयाशी जोडली गेली. तज्ज्ञ ओमाहात, रुग्ण नॉरफोकला, असा हा प्रयोग दूरवैद्यकाच्या इतिहासात पहिल्या पानावर नोंदला जातो. ही जोडणी एका रुग्णालयापासून दुसऱ्या रुग्णालयापर्यंत होती, रुग्णाच्या घरापर्यंत नव्हती, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पडदा बंद झाल्यावरही नॉरफोकच्या वॉर्डात परिचारिका व डॉक्टर होतेच. खर्चिक यंत्रणेमुळे ही पद्धत त्या काळी फार पसरली नाही. परंतु तज्ज्ञाचे स्थान आणि काळजी घेणाऱ्याचे स्थान वेगळे असू शकते, ही कल्पना तिने दृढ केली.

यंत्र उपचारक होऊ पाहते

१९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यातील 'डॉक्टर' नावाची संहिता वापरकर्त्याचेच वाक्य फिरवून प्रश्नाच्या रूपात परत करीत असे. वायझेनबाउम यांच्या दृष्टीने तो भाषेचा एक खेळ होता. परंतु त्यांच्या स्वतःच्या सचिव महिलेने यंत्राशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, तेव्हा ते अस्वस्थ झाले. ही हकीकत त्यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. त्याच सुमारास मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी एका तासात शेकडो रुग्ण हाताळू शकेल अशा संगणक-व्यवस्थेची शक्यता मांडली. कोल्बी यांचा हेतू वाईट नव्हता. सरकारी रुग्णालयांत उपचारकच नाहीत, ही त्यांची चिंता खरी होती. तथापि 'तासाला किती रुग्ण' हा प्रश्न १९६६ मध्येच विचारला गेला होता, ही गोष्ट आजच्या चर्चेतही विसरता कामा नये.

यंत्रास उपचाराचे काम देता येईल अशी परिस्थिती वस्तुतः संगणकशास्त्राने निर्माण केली नाही, ती मानसोपचाराच्या अंतर्गत बदलाने निर्माण केली. फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनी १९६१ मध्ये २१ प्रश्नांची नैराश्य-मापनसूची तयार केली आणि १९७९ मध्ये सहकाऱ्यांसह नैराश्याच्या बोधात्मक उपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या पद्धतीत सत्रांची संख्या मर्यादित असते, प्रत्येक सत्राचा विषय ठरलेला असतो, रुग्ण घरी विचारांची नोंदवही ठेवतो, दिनक्रम आखतो आणि पुढील सत्रात ते तपासले जाते. मनोविश्लेषणात असे काहीच नव्हते. उपचाराचे असे तुकडे पडल्यावर कोणता तुकडा माणसाने करावयाचा आणि कोणता यंत्राने, हा प्रश्न प्रथमच अर्थपूर्ण झाला. नोंदवही समजावून सांगणे, उदाहरणे देणे, सराव करून घेणे ही कामे यंत्राकडे जाऊ शकत होती.

१९९० मध्ये सेल्मी व सहकाऱ्यांनी ३६ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत सहा सत्रांचा संगणकीय उपचार उपचारकाइतकाच उपयोगी ठरला. संख्या फार लहान होती, पण वाट मोकळी झाली. माझ्या मते अधिक महत्त्वाची चाचणी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे जेसी राइट यांनी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४५ रुग्ण होते. एका गटास ५० मिनिटांची नऊ सत्रे उपचारकाबरोबर मिळाली. दुसऱ्या गटात पहिले सत्र पूर्ण लांबीचे होते. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत २५ मिनिटे उपचारकाबरोबर आणि उरलेला वेळ संगणकावर, अशी विभागणी करण्यात आली. तिसरा गट प्रतीक्षायादीत होता. पहिल्या दोन गटांची सुधारणा सारखी झाली. राइट व मायकेल थेस यांनी २०१८ मध्ये १५४ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत हाच निष्कर्ष पुन्हा काढला. त्यात उपचारकाचा वेळ सुमारे एक-तृतीयांशावर आणण्यात आला होता.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवणे अवश्य आहे. उपचारकाचा वेळ कमी झाला, शून्य झाला नाही. आणि २००५ च्या रचनेत पहिली भेट तोडलेली नव्हती. ओळख होण्यासाठी लागणारा वेळ राइट यांनी यंत्राला दिला नाही.

इंग्लंडचा अनुभव

संगणकीय उपचार शासकीय धोरणात कसा शिरला आणि तेथे त्याचे काय झाले, याचे सर्वाधिक स्पष्ट उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. लंडनच्या मानसोपचार संस्थेत ज्युडिथ प्राउडफूट व सहकाऱ्यांनी 'बीटिंग द ब्लूज' या आठ सत्रांच्या कार्यक्रमाची चाचणी घेतली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत २७४ रुग्णांचा समावेश होता आणि ते अनुकूल होते. या चाचणीत रुग्ण आपल्या डॉक्टरच्या दवाखान्यात येऊन संगणकापुढे बसत. तेथे परिचारिका सत्र सुरू करून देई आणि संपल्यावर रुग्णाला पुढची वेळ ठरवून देई. या संवादास उपचार म्हटले गेले नाही. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडणे, कुणीतरी नावाने ओळखणे, पुढच्या आठवड्याची वाट पाहिली जाणे, यांचा नैराश्यावर काही परिणाम होतो की नाही, हे वेगळे मोजण्याची तजवीज चाचणीत नव्हती.

फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य-गुणवत्ता संस्थेने सौम्य व मध्यम नैराश्यासाठी या कार्यक्रमाची शिफारस केली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड यांच्या गटाने नैराश्यविषयक अहवालात १०,००० उपचारक नेमण्याची मागणी केली. एकाच वर्षात शासनापुढे दोन रस्ते आले : यंत्र घ्या, अथवा माणसे नेमा. २००८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मानसोपचार विस्तार योजनेत माणसे खरोखरच नेमली गेली, हे इंग्लंडच्या शासनाचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु संगणकीय कार्यक्रम दवाखान्यातून उचलून घरोघरी नेण्याचा प्रवाहही त्याबरोबरच चालू राहिला.

तो प्रवाह कोठे गेला हे २०१५ मध्ये कळले. सायमन गिलबॉडी यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत इंग्लंडमधील ६९१ रुग्णांना तीन गटांत विभागले होते. एका गटास 'बीटिंग द ब्लूज', दुसऱ्यास ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाने तयार केलेला 'मूडजिम' हा विनामूल्य कार्यक्रम आणि तिसऱ्यास केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. रुग्ण घरी बसून कार्यक्रम वापरीत होते. दर आठवड्यास त्यांना फोन जात असे, पण तो मुख्यतः तांत्रिक अडचणी सोडविण्यासाठी. चार महिन्यांनंतर तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. सर्व सत्रे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पाचांत एकापेक्षाही कमी होते. २००४ मध्ये यशस्वी ठरलेलाच कार्यक्रम २०१५ मध्ये निष्प्रभ झाला. मधल्या काळात कार्यक्रमाची संहिता बदललेली नव्हती, तिच्याभोवतीची माणसे बदलली होती. याच संशोधकांनी पुढे २०१७ मध्ये दुसरी चाचणी प्रसिद्ध केली. तीत रुग्णास कामात उत्तेजन देणारी, ठरवून केलेली दूरध्वनी-संभाषणे जोडली होती आणि 'मूडजिम'चा परिणाम त्यामुळे सुधारला.

एका आक्षेपाची दखल येथे घेतली पाहिजे. जवळचा माणूस शरीराने जवळ असावाच लागतो काय? ब्रिस्टल येथील डेव्हिड केसलर यांनी २००९ मध्ये २९७ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत उपचारक व रुग्ण कधीच भेटले नाहीत. दोघे ठरलेल्या वेळी संगणकावर एकमेकांना लिहीत होते. चार महिन्यांनंतर या गटातील ३८ टक्के रुग्ण बरे झाले, प्रतीक्षायादीतील केवळ २४ टक्के. स्वीडनमधील गेर्हार्ड आंदरसन यांच्या २००५ च्या अभ्यासातही आंतरजालावरील साहित्याबरोबर मार्गदर्शकाचा लेखी संपर्क होता आणि तो उपयोगी ठरला. तेव्हा जवळीक म्हणजे केवळ शारीरिक सान्निध्य असे मानता येत नाही. नावानिशी ठाऊक असलेला, ठरलेल्या वेळी हजर राहणारा आणि आपण न आल्यास चौकशी करील असा माणूस, ही तिची अधिक अचूक व्याख्या होईल. सौम्य नैराश्यात असा माणूस अक्षरांतूनही भेटू शकतो. तीव्र नैराश्यात, आत्महत्येचा धोका असताना, अन्नपाणी सुटलेले असताना, अक्षरे पुरेशी होत नाहीत हेही तितकेच खरे.

'संमिश्र उपचार' ही संज्ञा जाणीवपूर्वक वापरून मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले ते युरोपात, विशेषतः नेदरलँड्समध्ये. २०१४ पासून नऊ युरोपीय देशांत 'ई-कंपेअर्ड' हा प्रकल्प राबविण्यात आला. डच दवाखान्यांतील एका रचनेत दहा प्रत्यक्ष भेटी आणि त्यांच्यामध्ये गुंफलेली नऊ ऑनलाईन सत्रे असा क्रम होता. या प्रयोगांचा तपशील येथे देत नाही. एवढेच नोंदवितो की संमिश्र पद्धतीने खर्च हमखास कमी होतो, ही अपेक्षा त्या दवाखान्यांत सिद्ध झाली नाही.

भारत : बस, अंगण आणि चार अंकी समस्या

आपल्याकडे प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे. युरोपात उपचारकाचा वेळ वाचविण्याचा प्रश्न होता. येथे वाचविण्याइतका वेळच उपलब्ध नाही. निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याचे तत्कालीन प्रमाण २.७ टक्के आढळले आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. (या १२ राज्यांत महाराष्ट्र व गोवा नव्हते. आपल्या प्रांताविषयी बोलताना हे आकडे जसेच्या तसे वापरले जातात, ते योग्य नाही.) महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी अशी चार शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ होती. गडचिरोली अथवा नंदुरबारच्या माणसास उपचार म्हणजे प्रवास, प्रवास म्हणजे बुडालेली मजुरी आणि गावभर झालेली चर्चा, असा त्याचा अर्थ होता.

या पार्श्वभूमीवर तामिळनाडूतील एक उपक्रम अभ्यासण्यासारखा आहे. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया संशोधन प्रतिष्ठानाने २०१० मध्ये पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक बस फिरती ठेवली. बसमध्ये रुग्णासाठी बैठक, पडदा आणि औषधांचे दालन होते. तज्ज्ञ चेन्नईत बसून पडद्यावर दिसत. पण बस गावात येण्याआधी आणि गेल्यानंतर स्थानिक कार्यकर्ते घरोघर जात असत. ही सेवा मुख्यतः तीव्र मनोविकारांसाठी होती, नैराश्यासाठी नव्हे. तरीही नॉरफोकचा वॉर्ड चाकांवर घालून गावात आणावा, अशीच ही रचना होती. नेब्रास्काने जे इमारतीत साधले ते येथे गावातल्याच माणसांनी साधले.

नैराश्याच्या उपचारात भारताचे खरे योगदान गोव्यातून आले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगात' या संस्थेने, मानसोपचाराचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील, मध्यम ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. सहा ते आठ सत्रे आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी घेण्यात आली. तीन महिन्यांनंतर उपचार गटातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. नेहमीच्या सेवेतील गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. चॅड वाराह यांच्या प्रतीक्षाकक्षात योगायोगाने जे दिसले ते येथे काटेकोरपणे मोजले गेले. विदर्भात याच परंपरेतील 'विश्राम' कार्यक्रम अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविण्यात आला. शेतकरी आत्महत्यांमुळे चर्चेत असलेल्या या भागात नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. अंगणात बसून, ओळखीच्या बोलीत, गावातल्याच माणसाने केलेली चौकशी हा त्या वाढीचा आधार होता.

२५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतात प्रथमच डॉक्टरांच्या ऑनलाईन सल्ल्यास सुस्पष्ट नियमावली दिली. तीमध्ये औषधांच्या याद्या आहेत. काही औषधे पहिल्याच ऑनलाईन भेटीत देता येतात, काही केवळ आधी प्रत्यक्ष तपासणी झालेली असल्यास पुढे चालू ठेवता येतात आणि अंमली व मनःप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे ऑनलाईन देताच येत नाहीत. म्हणजे संमिश्रतेचे तत्त्व आपल्या नियमांत आले, पण ते औषधांच्या बाबतीत आले. संभाषणोपचाराची पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी की कसे, याचे असे कोष्टक त्या तत्त्वांत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेलि-मानस' ही राष्ट्रीय सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली. तिची रचना दोन स्तरांची आहे. पहिल्या स्तरावर प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात. गरज भासल्यास रुग्णास दुसऱ्या स्तरावर, म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय अथवा दृक्श्राव्य सल्ला यांकडे पाठविले जाते. कागदावर ही उत्तम संमिश्र व्यवस्था आहे. तिचे यश आलेल्या फोनच्या संख्येने मोजण्याची सवय मात्र धोकादायक आहे, कारण फोनची संख्या पहिल्या स्तराचे काम सांगते. किती जण दुसऱ्या स्तरापर्यंत प्रत्यक्ष पोहोचले, तेथे त्यांना कोणी ओळखले, पुन्हा कोणी बोलाविले, हे त्या आकड्यात येत नाही. इंग्लंडमध्येही २००४ ते २०१५ या काळात किती लोकांनी कार्यक्रम सुरू केला हे मोजणे सोपे होते. तो पूर्ण किती जणांनी केला हे चाचणी झाल्यावर कळले.

गोपनीयतेचा प्रश्नही येथे वेगळा उभा राहतो. एका खोलीच्या घरात फोनवर बोलणाऱ्या विवाहित स्त्रीला एकांत कोठून मिळणार? ऑनलाईन उपचाराविषयीच्या पाश्चात्त्य लेखनात घर ही सुरक्षित जागा गृहीत धरलेली असते. आपल्याकडे अनेकींच्या बाबतीत आरोग्य केंद्राचा व्हरांडाच घरापेक्षा अधिक एकांताचा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णास गोपनीयतेचा अधिकार देतो. तो अधिकार वापरण्यासाठी लागणारे दार आणि कडी मात्र कायद्याने मिळत नाहीत.

आणखी एक प्रयोग या क्रमात नोंदविला पाहिजे, कारण त्यात नेहमीची मांडणी उलटी झालेली आहे. मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात 'संगात' संस्थेने आशा कार्यकर्तींना नैराश्यावरील संक्षिप्त उपचार शिकविण्यासाठी स्मार्टफोनवरील अभ्यासक्रम तयार केला आणि त्याची तुलना वर्गातील प्रत्यक्ष प्रशिक्षणाशी केली. येथे ऑनलाईन राहिले ते प्रशिक्षण. उपचारासाठी आशा कार्यकर्तीने रुग्णासमोरच बसावयाचे होते. आशा कार्यकर्तीस नियमित वेतन नसते, कामागणिक मोबदला मिळतो. नैराश्यावरील सत्रासाठी तो किती असावा, त्यासाठी तिने लसीकरणाचे व प्रसूतीचे कोणते काम बाजूला ठेवावे आणि तिच्या भेटीची नोंद कोणत्या रजिस्टरात व्हावी, हे प्रश्न तेथून पुढे सुरू होतात.